पुलाच्या अलीकडचा थांबा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मेधा हा अंक वाचायला घेईल तेव्हा तिलाही इथेच कळेल, आणि तिच्यावर अशी वेळ आणल्याबद्दल मी तिची आधीच माफी मागतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या गणपतीची मिरवणूक नदीवरच्या मोठ्या पुलावरून जाणार होती. ती जाऊ नये म्हणून मी भर बैठकीत खोटं बोललो. मिरवणूक दुसरीकडून गेली. त्याच पुलावरून त्या दिवशी, त्याच्या आधी आणि त्यानंतर कितीतरी महिने माणसांनी भरलेल्या ट्राम जात राहिल्या. त्यांच्याबद्दल मी तोंड उघडलं नाही. आणि पूल तपासणं हेच माझं काम होतं.

संपादकांनी मागितलं होतं ते वेगळं. 'पुलांच्या डॉक्टरचे अनुभव, थोडे गमतीदार असले तर उत्तम,' असं त्यांनी लिहिलं होतं. दोन वर्षं मी टाळत आलो. गमती आहेत, नाही असं नाही. त्यातली एक तर पुढच्या गोष्टीसाठी सांगावीच लागेल. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

मी मूळचा साताऱ्याचा. पुण्यात शिकलो, मग जर्मनीत ब्राउनश्वाइगला, आणि नोकरीसाठी या नदीकाठच्या शहरात आलो तो इथलाच झालो. शहराचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. घरी साताऱ्यात सगळ्यांना वाटायचं, मी जर्मनीत पूल बांधतो. आई तर शेजारणींना पुलांची नावंही सांगायची, कुठून आणायची कोण जाणे. मी एकही पूल बांधला नाही. दुसऱ्यांनी बांधलेले म्हातारे पूल मी तपासायचो.

या कामाचा पहिला नियम असा की पूल लांबून बघायचा नाही. दुर्बिणीने नाही, फोटोवरून नाही. प्रत्येक जागेपाशी हात पोचेल इतकं जवळ जायचं. त्यासाठी कधी दोर, कधी होडी, कधी लांब हात असलेली गाडी, जी वरून पुलाच्या पोटाखाली आपल्याला पाळण्यात बसवून नेते. जवळ गेलं की हातोडीने ठोकायचं. चांगलं काँक्रीट खणखणीत बोलतं. आतून सुटलेलं असेल तर आवाज बसका येतो. बाजारात नारळ घेताना आपण कानाशी नेऊन टिचकी मारतो, तेवढंच हे शास्त्र आहे. बाकी सगळं मग तज्ज्ञतेच्या नावाने त्याला चिकटवलेलं.

आमच्याकडे तक्रारींचे फोनही यायचे. नदीकाठी राहणारे हेर, म्हणजे श्रीयुत, लोरेन्त्स नावाचे एक निवृत्त गृहस्थ वारा सुटला की फोन करायचे. 'तुमचा पूल आज पुन्हा गातोय.' ऑफिसात सगळे त्यांना हसत. एकदा जोराच्या वाऱ्यात मी स्वतः गेलो, तर खरंच, पूल एकाच सुरात गुणगुणत होता. कठड्याच्या पोकळ नळ्यांना खालून भोकं होती आणि वारा त्यांतून बासरीसारखा शिरत होता. आम्ही भोकं बुजवली. महिन्याभराने पुन्हा फोन.

'हेर पाटणकर, आता झोप लागत नाही.'

'का? आवाज बंद झाला ना?'

'त्यामुळेच. बायको गेल्यापासून त्याचीच सवय झाली होती.'

मी दोन भोकं पुन्हा मोकळी केली. हे ऑफिसात कुणाला माहीत नाही. तेही आज पहिल्यांदाच सांगतोय, पण त्याचं मला काही ओझं नाही.

ओझं ज्याचं आहे त्याची सुरुवात एका फजितीने झाली. शहराबाहेर भाड्याने दिलेल्या छोट्या छोट्या बागांची वसाहत आहे. लोक तिथे सुटीच्या दिवशी टोमॅटो लावतात आणि शेजाऱ्याच्या कुंपणाची उंची मोजतात. तिकडे जाणारा एक पादचारी पूल आहे. तो तपासताना मला एका बाजूला बराच बसका आवाज आला. मी ताबडतोब पूल बंद करायला लावला. नेमका त्यांचा उन्हाळी उत्सव तोंडावर होता. बिअरची पिंपं आणि सॉसेजची शेगडी लांबच्या रस्त्याने न्यावी लागली, निम्मी माणसं आलीच नाहीत. मग फोडून बघितलं तर वर कुणीतरी जुन्या डागडुजीत चोपडलेला थर सुटला होता, एवढंच. आतलं काँक्रीट ठणठणीत.

त्या डिसेंबरात ऑफिसच्या पार्टीत आमचे साहेब, हेर फोग्ट, उठले आणि कागदात गुंडाळलेली भेट त्यांनी मला दिली. आत रबरी हातोडा होता.

'हेर पाटणकर, यापुढे हा वापरा. याने ठोकलं की सगळे पूल एकदम शांत.'

सगळे हसले, मीही हसलो. हेर फोग्ट दुष्ट नव्हते. चूक कुणाकडूनही होते, असंच त्यांना म्हणायचं असेल. पण तो हातोडा माझ्या टेबलावर राहिला. तेव्हापासून मला ऐकू कमी येऊ लागलं असं नाही. ऐकलेलं बोलायला मात्र मी वेळ घेऊ लागलो.

आता त्या पुलाबद्दल.

नदीने शहराचे दोन भाग केलेत. ऑफिसं, बाजार, मंडळ ज्या हॉलमध्ये जमतं तो हॉल, सगळं पश्चिमेला. आम्ही राहायचो पूर्वेला. मधे हा पूल. मधोमध ट्रामचे रूळ, दोन्ही बाजूंना गाड्या, कडेला चालायची वाट. दुसरा एक जुना लोखंडी पूल बराच खाली आहे, त्यावरून ट्राम जात नाही.

हा मोठा पूल काँक्रीटचा, आतून पोकळ. वरून रस्ता दिसतो, पण त्याखाली काँक्रीटची लांबच लांब पेटी असते आणि त्या पेटीत माणूस वाकून चालू शकतो. काठावरच्या एका लोखंडी झडपेतून आत शिरायचं. आत अंधार, कबुतरांची घाण, कुठे साचलेलं पाणी. आणि दर थोड्या वेळाने डोक्यावरून ट्राम जाते. आधी लांबून घरघर, मग सगळी पेटी अंगात आल्यासारखी घुमते, मग परत शांत. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा भीती वाटली होती. नंतर त्या आवाजाची इतकी सवय झाली की आत बसून मी डबा खायचो.

असा पूल कशावर उभा असतो ते सांगतो. कपाटातली सात-आठ पुस्तकं एकदम काढायची असतील तर आपण काय करतो? दोन्ही टोकांना तळहात लावून घट्ट दाबतो आणि आडवी उचलतो. खाली आधार नसतो, तरी मधली पुस्तकं पडत नाहीत. दाब आहे तोवर पडत नाहीत. या पुलातही तसंच आहे. काँक्रीटच्या पोटातून स्टीलच्या तारांचे जुडगे घातलेत, ताणून दोन्ही टोकांना जखडलेत. तो ताण म्हणजे ते दोन तळहात. तारा काँक्रीटमध्ये गाडलेल्या, त्यामुळे दिसत नाहीत. हा पूल बांधला त्या काळच्या काही पुलांतलं स्टील असं निघालं की आतल्या आत एकेक तार तुटत जाते आणि बाहेर कळत नाही. कळलं तर एखाद्या भेगेवरून कळतं.

त्या पेटीच्या भिंतीत, खालच्या अंगाला, अशी एक भेग होती. केसासारखी. माझ्या आधीच्यांनाही माहीत होती. भेग असणं हा गुन्हा नाही, सगळ्याच काँक्रीटला भेगा असतात. बघायचं असतं ते हे की भेग जिवंत आहे की मेलेली. त्यासाठी जुनी सोपी युक्ती आहे. भेगेवर आडवा प्लास्टरचा पातळ थर लावायचा, बाईच्या कपाळावरच्या टिकलीएवढा किंवा जरा मोठा. मी त्याला टिकलीच म्हणायचो. प्लास्टर ताणलं जात नाही. भेग जरा जरी हलली की टिकली फुटते.

त्या उन्हाळ्यात मी आत गेलो तेव्हा टिकली फुटलेली होती.

माझा जोडीदार वर फुटपाथवर कठडे बघत होता. आत मी एकटा. मी दिवा जवळ नेला. टिकलीच्या मधोमध चीर होती. मी तिच्यावर बोट ठेवून उभा राहिलो. वरून ट्राम आली. माझ्या बोटाखाली ती चीर उघडली आणि मिटली. डोळ्यांना दिसलं नसतं, बोटाला कळलं. आमचा नियम हाताचा आहे तो यासाठीच.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते खरं सांगतो. रबरी हातोडा आला. मग हेही आलं की टिकल्या नुसत्या उन्हाळ्यानेही फुटतात. ऊन तापलं की पूल फुगतो, थंडीत आखडतो, भेगा त्यानेही हलतात. हे खोटं नाही, पुस्तकात आहे. मग डोळ्यांसमोर आला तो बंद पूल, पूर्वेच्या बाजूची दवाखान्याला जाणारी माणसं, वर्तमानपत्रं, आणि फोडून बघितल्यावर आत ठणठणीत निघालेलं काँक्रीट. दुसऱ्यांदा.

मी ती फुटकी टिकली खरवडून काढली आणि तिथे नवी लावली. पुढच्या वेळी बघू.

बाहेर आल्यावर हेर फोग्टनी विचारलं, 'पेटीत काही नवीन?'

'काही नाही,' मी म्हणालो.

वाटेत मी मनाशी ठरवलं होतं की त्यांनी पुन्हा विचारलं तर सांगायचं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता.

आमची रेवा तेव्हा शाळेत होती आणि रोज ट्रामने पूल ओलांडायची. पुढच्याच शनिवारी मी तिला नवी सायकल आणली आणि जुन्या लोखंडी पुलावरून जायला सांगितलं. व्यायाम होईल, म्हटलं. ती मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते.

'दास इस्ट दोख आइन उमवेग, बाबा,' ती म्हणाली. अहो, हा तर वळसा आहे.

'असू दे वळसा.'

मी स्वतःही सायकलने जाऊ लागलो. मेधा घरूनच काम करायची, तिचा प्रश्न नव्हता. हे सगळं मी असं आखलं जणू कुणी दुसराच माणूस आखतोय. मला जर तेव्हा कुणी विचारलं असतं की पुलाला धोका आहे का, तर मी छातीवर हात ठेवून म्हणालो असतो, तसं ठामपणे सांगता येणार नाही.

आणि मग गणपती आले.

त्या वर्षी मेधाचे वडील, आप्पा, आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. पुण्यात वीजमंडळात होते, निवृत्त. मंडळाच्या बैठकीला मी त्यांना बरोबर नेलं. मंडळाच्या अध्यक्ष वृषालीताई मोठ्या उत्साहात होत्या. इथे नदीत मूर्ती सोडता येत नाही, आम्ही काठावर मोठ्या टबात विसर्जन करतो. त्या वर्षी पूर्वेच्या काठावरचं विस्तीर्ण कुरण मिळालं होतं आणि नगरपालिकेने पुलाच्या फुटपाथवरून मिरवणूक न्यायला परवानगीही दिली होती.

'पहिल्यांदा पुलावरून,' वृषालीताई म्हणाल्या. 'फोटो काय येतील. सुहास, तुमचाच पूल. तुमचं काय म्हणणं?'

'नको,' मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कारणं देऊ लागलो. पुलावर वारा असतो, ध्वजाची काठी ट्रामच्या वरच्या तारेला लागली तर विजेचा झटका बसेल. ढोल-ताशा पथक बसवणारा ओंकार इथे मेकॅनिकलमध्ये डॉक्टरेट करत होता.

'दादा, ध्वज पुलापाशी खाली घेऊ. त्यात काय.'

'ढोलाचं पण आहे. एका ठेक्यावर एवढी माणसं पावलं टाकायला लागली की पूल हलतो. सैन्यालासुद्धा पुलावर पावलं न जुळवता चालायला लावतात.'

ओंकार हसायला लागला. 'झुलत्या पुलाचं ठीक आहे हो. या धुडाला आपला ढोल म्हणजे हत्तीच्या पाठीवर डास. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये.'

'एवढा पुलांचा डॉक्टर आणि पेशंटलाच घाबरतो,' मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

आप्पांनी अगदी साधेपणाने विचारलं, 'सुहासराव, त्या पुलावरून ट्राम जाते ना?'

'जाते.'

'वजन किती असेल हो तिचं?'

'चाळीसेक टन. माणसं भरली की आणखी.'

'आणि ही आपली माणसं?'

उत्तर मला येत होतं. आमची सगळी मिरवणूक, ढोल, ताशे, पोरंबाळं आणि बाप्पा धरून एका ट्रामच्या निम्म्यानेही भरली नसती. जो पूल दिवसभर ट्राम पेलतो त्याला आम्ही जड नव्हतो. आणि आम्ही जड असू असं मला खरंच वाटत असेल, तर त्या क्षणी उठून फोन करायला हवा होता. तोवर मी स्वतःला सांगत होतो की मला खात्री नाही. त्या खोलीत मला कळलं की खात्री आहे.

'जाऊ द्या आप्पा,' वृषालीताई म्हणाल्या. 'त्यांचा विषय आहे. ते नको म्हणतात तर नको. आपण अलीकडेच करू, बोट क्लबच्या मागे.'

बोट क्लबच्या मागची जागा अपुरी होती, चिखलही होता. लोक कुरकुरले, पण आले. दोनशे माणसांनी माझ्या शब्दावर वाट बदलली. आम्ही मोरया म्हणत असताना मागे पुलावरून ट्राम जात होती आणि तिच्या खिडक्यांतून लोक आमच्याकडे बघून हात हलवत होते. काही मुलंही होती. आमच्या बाजूने मुलांनी हात हलवले.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना आप्पा म्हणाले, 'मी आता वाचनालयात नाही जात. इकडेच नदीकाठी फिरेन.' वाचनालय पुलापलीकडे होतं. मी बरं म्हटलं. त्यांना काय कळलं होतं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. ते आता नाहीत.

आता बेर्बेलबद्दल सांगायला हवं. खरं म्हणजे हा सगळा लेख तिच्याबद्दलच आहे.

बेर्बेल आमची समोरच्या दारातली शेजारीण. मेधा तिला बेर्बेलताई म्हणते आणि तिला ते आवडतं. रेवा लहान असताना तिला ताप आला, आम्हा दोघांना सुटी मिळाली नाही की बेर्बेल आपली ड्युटी बदलून घरी थांबायची. एकटी राहते. कॉफीबरोबर चकली खाते, आणि दिवाळीच्या आधीच रिकामा डबा घेऊन दारात उभी राहते. 'या वर्षी तिखट कमी नको,' म्हणते. बेर्बेल ट्राम चालवायची. त्याच पुलावरची.

माझं काम काय ते तिला अगदी सुरुवातीपासून माहीत होतं आणि त्याचा तिला अभिमान होता. तिच्या डेपोत कुणी पुलाबद्दल काही बोललं की ती म्हणायची, 'तो माझा शेजारी तपासतो. हाताने.' मला येऊन हे सांगायचीही. त्या उन्हाळ्यातही एकदा जिन्यात म्हणाली, 'सुहास, पूल म्हातारा झालाय म्हणतात. बरा आहे ना?'

'बरा आहे,' मी म्हणालो.

'गेनाऊ,' ती म्हणाली, अगदी बरोबर, 'मी तेच सांगते सगळ्यांना.'

त्यानंतरच्या शरद ऋतूत एका दुपारी माझी सायकल पंक्चर झाली. पाऊस होता. ऑफिसजवळच्या थांब्यावर ट्राम आली आणि काही विचार न करता मी चढलो. एका बाईला बाबागाडी वर घ्यायला हात दिला. आत शाळेची मुलं होती, भिजलेल्या जाकिटांचा वास होता. पुढे काचेमागे बेर्बेल. तिने आरशातून मला बघितलं आणि हात वर केला.

पुलाच्या अलीकडे शेवटचा थांबा आहे. दारं उघडली. मी उतरलो.

बेर्बेलने बाजूची छोटी खिडकी सरकवली. 'सुहास, अजून पूल यायचाय.'

'जरा चालतो.'

'या पावसात?'

'डोकं जड झालंय.'

'वेडा आहेस,' ती हसली. खिडकी लावली. दारं मिटली आणि ट्राम पुलावर चढली. आत ती बाबागाडी होती, जी मी स्वतःच्या हाताने वर चढवली होती.

मी थांब्याच्या छपराखाली उभा राहिलो. ट्रामचा मागचा लाल दिवा पुलाच्या मध्यावर गेला, मध्य ओलांडला, पलीकडे लागला, वळला. मग मी खाली लोखंडी पुलाकडे चालू लागलो.

मला लोक विचारतील, त्यानंतर तरी का नाही बोललास? मीही विचारतो. एवढंच सांगता येतं की चूक दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड असतं, पण जमतं. महिन्याने सांगायची तर आधी त्या महिन्याचा जाब द्यावा लागतो. मग दुसरा महिना लागतो. गप्प बसण्यासाठी मला रोज काही करावं लागत नव्हतं. पूल उभा होता. रोज संध्याकाळी तो उभा असायचा आणि त्यालाच मी पुरावा समजायचो.

पुढच्या वसंतात नगरपालिकेने त्या काळच्या सगळ्या पुलांवर ऐकणारी यंत्रं बसवायला दुसऱ्या एका कंपनीला बोलावलं. आत कुठे तार तुटली तर तिचा बारीक आवाज ती यंत्रं टिपतात. ते काम एक तरुण इंजिनिअर मुलगी बघत होती. थोड्याच आठवड्यांत तिने एका दुपारी पूल बंद करायला सांगितलं. तिलाही कुणीतरी विचारलंच असणार, नक्की खात्री आहे का म्हणून. ती म्हणाली असेल, नाही, पण बंद करा. मला तिचा हेवा वाटला.

कुणाला काही झालं नाही. ट्राम अलीकडेच थांबवल्या, माणसं उतरवली, पोलिसांनी फीत बांधली. बेर्बेलची ट्राम तेव्हा पलीकडच्या काठावर होती.

संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात बेर्बेल. हातात प्लमचा केक.

'हा तुझ्यासाठी,' ती म्हणाली.

'का?'

'का म्हणजे? तुम्ही लोकांनी वेळेवर पकडलं. आज डेपोत सगळे म्हणाले, बेर्बेलचा शेजारी.' तिने मला मिठी मारली. ती सहसा मिठ्या मारणारी बाई नाही. 'मी किती वर्षं तुझ्या भरवशावर त्या पुलावरून गेले.'

मेधाने प्लेटा काढल्या. रेवा टेबलाशी बसली होती. ती माझ्याकडे बघत म्हणाली, 'बाबा, देसहाल्ब दास फारराट?' म्हणून होती का ती सायकल?

'नाही गं,' मी म्हणालो. 'व्यायामासाठी.'

आणि मी तो केक खाल्ला. दोन तुकडे.

पूल पाडताना मी एकदा गेलो होतो. पेटीचा तो भाग कापून काठावर ठेवला होता, कापलेल्या केळफुलासारखा आतून उघडा. तारांचे जुडगे दिसत होते. तार तुटते तेव्हा तुटलेलं तोंड चकचकीत असतं, मग ते काळवंडतं. काही तोंडं चकचकीत होती. बरीचशी काळी होती. म्हणजे त्या फार आधी तुटल्या होत्या, माझं बोट टिकलीवर होतं त्याच्याही आधी. ऊन, थंडी, पुस्तकात दिलेलं कारण, सगळं तिथेच संपलं. मला कुणी काही विचारलं नाही. भेगेवरच्या टिकल्या वेळोवेळी नव्या लावतातच. त्यानंतर मी तपासणीचं काम सोडलं आणि ऑफिसातल्या ऑफिसात बदली मागून घेतली. पाठीचं कारण सांगितलं. रबरी हातोडा अजून टेबलावर आहे.

मी काही मोठा गुन्हेगार आहे असं मला इथे मिरवायचं नाही. माझ्या जागी दुसरे कुणी असते तर त्यांनीही कदाचित पुढच्या वेळी बघू म्हटलं असतं. प्रामाणिक शंका गिळणं ही चूक आहे, पण माणसाची आहे. मला सोडत नाही ती चूक वेगळी. मी शंका गिळली नव्हती. ती मी नीट जपली आणि आपल्यांपुरती वापरली. मुलीला सायकल, मंडळाला बोट क्लब, स्वतःला अलीकडचा थांबा. जो इशारा शहराचा होता तो मी घरातल्या घरात वाटून टाकला. परदेशात आपली माणसं सांभाळावीत असं आम्ही एकमेकांना नेहमी सांगतो. मी सांभाळली. माझी मुलगी तापात असताना जी तिच्या उशाशी बसली, ती त्या आपल्या माणसांत नव्हती. ते तेव्हा मी ठरवलंही नव्हतं. आपोआप झालं, हे जास्त वाईट.

ऑफिसला मी सांगणार आहे. ते त्या मानाने सोपं आहे, तिथे प्रश्न विचारायच्या पद्धती ठरलेल्या असतात. रेवाला सांगणार आहे. तिला बहुतेक माहीत आहे. मंडळातले लोक हे वाचतील आणि पुढच्या गणपतीत माझ्याशी कसं वागायचं ते ठरवतील, त्याला माझी हरकत नाही.

पण हे सगळं मी मराठीत लिहिलंय. लिहिताना बरं वाटत गेलं, आणि का बरं वाटतंय ते शेवटाशी आल्यावर लक्षात आलं. पुन्हा एकदा मी आपल्या माणसांनाच सांगितलंय. हा अंक घरी येईल, बैठकीच्या खोलीतल्या टेबलावर पडेल. बेर्बेल आता निवृत्त झालीय. ती चकलीचा डबा घेऊन येईल, अंक उचलून चित्रं बघेल आणि परत ठेवेल.

मला तिला जर्मनमध्ये सांगायचंय की मला माहीत होतं, आणि मी उतरलो आणि तुला पुढे जाऊ दिलं. एवढंच वाक्य आहे. ते मी अजून तिला सांगितलेलं नाही.